बाजाराचा कागद

रेवणसिद्ध वकील नगराध्यक्ष झाले तेव्हा निलंग्याकडच्या त्या छोट्या गावाला वाटलं, आता कायदाच खुर्चीत बसला. वकिलांनाही तसंच वाटत होतं, हे सांगायला हवं.

आणि त्यांच्याच कारकिर्दीत आठवडी बाजाराची जागा हातातून चालली होती. एका व्यापाऱ्यानं निजामाच्या काळातलं उर्दू खरेदीखत कोर्टात दाखल केलं. साल १३४०. त्यानं जोडलेल्या भाषांतरात ते हिजरी धरलं होतं, म्हणजे १९२१. जागा नगरपालिकेला मिळाली १९२५ साली. व्यापाऱ्याची खरेदी आधीची ठरत होती. निदान अर्धी जागा वाचावी म्हणून वकिलांनी तडजोड केली. उद्या कोर्टात सह्या व्हायच्या होत्या. उरलेल्या भाजीवाल्यांनी बसायचं कुठं, हे ठरलंच नव्हतं.

"एकदा मकबूलचाचांना दावा की कागद," कारकून अमरनाथ म्हणाला.

वकिलांचा चेहरा पडला. मकबूलमियां म्हातारे अर्जनवीस, लोकांचे अर्ज लिहून देणारे. जुनं उर्दू वाचणारा गावात तेवढा एकच माणूस उरला होता. मागच्या वर्षी तहसीलसमोरचं त्यांचं टेबल अतिक्रमण म्हणून वकिलांनीच उचलायला लावलं होतं. म्हाताऱ्यानं हात जोडले होते, तरीही.

पण अडला होता बाजार. वकील गेले. मकबूलमियांनी घराच्या ओट्यावरच चष्मा पुसला आणि कागद दोनदा वाचला.

"महिना बगितला का, साहेब? खुर्दाद लिवलंय. हिजरीत खुर्दाद नावाचा महिनाच न्हाई. हे फसली साल हाय, निजाम सरकारचं. म्हंजे एकतीसचा उन्हाळा."

वकिलांनी हिशेब केला. गावाला देऊन झालेली जागा कुणीतरी सहा वर्षांनी विकली होती, आणि या कागदाची नक्कल तीन महिने त्यांच्या कपाटात होती.

"चाचा, तुमचं टेबल माझ्यामुळं गेलं."

"ठाव हाय. ठरावावर सही तुमचीच हाय. वाचता येतं की मला."

"मग गप्प बसला असतात तरी कुणाला कळलं असतं?"

"बाजार काय तुमचा एकट्याचा हाय?" कागदाची घडी घालत मकबूलमियां म्हणाले.

आभार पक्षकारांनी आपले मानायचे, एवढंच वकिलांना ठाऊक होतं. त्यांनी म्हाताऱ्याचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तडजोडीला नकार दिला आणि मुद्दा मांडला. न्यायाधीश म्हणाले, "वकीलसाहेब, इतकी साधी गोष्ट आधी तुमच्या लक्षात कशी आली नाही?"

कोर्ट गच्च भरलं होतं. मागं ज्युनिअर कान टवकारून बसले होते. 'कागद नव्यानं तपासला' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"मला हा कागद वाचताच येत नाही, साहेब," वकील म्हणाले. "ज्यांच्या पोटावर मी पाय दिला, त्या मकबूलमियांनी तो वाचून दिला. तेवढं त्यांचं नाव नोंदवून घ्यावं."

आणि नाव लिहून होईपर्यंत ते उभेच राहिले.