निळ्या साडीवालीचं काय करायचं

टीव्हीवरच्या माणसाने अंगठी पुढे केली आणि नेमकं तेव्हाच जिजाबाईंनी रिमोट उचलून पडदा काळा केला.

"अव, पाहू दे ना," शेजारच्या शेवंताबाई म्हणाल्या. त्यांच्या घरी टीव्ही होता, पण त्यावर नातवंडांची सत्ता होती. म्हणून रोज सातच्या ठोक्याला त्या इकडे हजर.

"काय पाहायचं? तीन दिवसांपासून तो अंगठीच धरून उभा आहे," जिजाबाई म्हणाल्या आणि पुढ्यातल्या वालाच्या शेंगा सोलू लागल्या.

त्यांची सून मंजुषा दारापाशी बसली होती. तिच्या हातातली शेंग कधीची सोलून झाली होती, पण टरफल ती बोटांनी कुस्करतच राहिली.

मालिका हिंदी होती आणि तिच्यातल्या विधवा सुनेचं नाव या घरात कुणालाच लक्षात राहत नसे. नवरा गेल्यापासून ती सतत निळ्या साडीत दिसायची, म्हणून तिला सगळे निळ्या साडीवाली म्हणत. तिच्या ऑफिसातल्या एका माणसाने तिला मागणी घातली होती आणि कॅमेरा गेले तीन दिवस घरातल्या प्रत्येकाच्या तोंडावरून फिरत होता.

"मी त म्हणतो, लाजच नाही बाईले," शेवंताबाईंनी निकाल दिला. "सासू-सासरे घरात बसून आहेत आणि हे चालली अंगठी घालायले."

"त्यापरीस काल दुपारचा पिच्चर बरा होता," खाटेवरून प्रेमलाल बोलले. "हिरो एका हातानं ट्रक अडवते. रडणं नाही, काही नाही." मंजुषाच्या सासऱ्यांना दक्षिणेकडचे हिंदीत आणलेले सिनेमे मनापासून आवडत आणि त्यातली मारामारी ते पंचासारखा निवाडा देत बघत.

मंजुषा पाणी प्यायला उठली. तहान नव्हती, पण बसवत नव्हतं.

मंजुषाचा नवरा रवी वारल्याला सहा वर्षं झाली होती. लांजीतल्या एका खाजगी शाळेत ती शिकवायची आणि सासू-सासऱ्यांसोबत राहायची. माहेरी आईबाप उरले नव्हते. शाळेजवळच्या खांबावर दर आठवड्याला चढणारा गजेंद्र लाइनमन आधी नुसता नमस्कार करायचा, मग थांबून बोलायला लागला. बहिणींची लग्नं करता करता त्याचं स्वतःचं राहून गेलं होतं. दिवाळीआधी त्याने तिला सरळ विचारलं. तिने थोडे दिवस मागितले. आता बहिणींनी त्याच्यासाठी आमगावचं एक स्थळ आणलं होतं आणि रविवारी त्याने त्या लोकांना हो की नाही ते कळवायचं होतं.

तिला हो म्हणायचं होतं. पण ज्यांच्या ताटात सहा वर्षं जेवलो त्यांच्यासमोर हा विषय काढायचा कसा? मग ही मालिका देवासारखी धावून आली. निळ्या साडीवालीबद्दल घरचे काय म्हणतात ते ऐकायचं, म्हणजे आपल्याबद्दल काय म्हणतील ते कळेल, असा तिने हिशेब केला. शिकलेल्या बाईने असा हिशेब करावा याची तिला लाजही वाटली. पण दुसरा उपाय तिला सुचत नव्हता.

शुक्रवारी मालिका सुरू झाली तेव्हा तिने धीर करून विचारलं, "आई, तुम्हाले काय वाटते, त्या बाईनं काय करावं?"

जिजाबाईंनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"घरीच राहावं. काय कमी आहे तिले?"

एवढं बोलून त्यांनी टीव्ही बंद केला आणि त्या तुळशीपाशी दिवा लावायला गेल्या. दिवा तर तासाभरापूर्वीच लागला होता.

त्या रात्री मंजुषा अंथरुणावर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. शनिवारी मधल्या सुट्टीत तिने गजेंद्रला लिहिलं, 'माझ्याकडून नाही. तुम्ही आमगावला हो कळवा.' त्याचा दोनदा फोन आला. मुलांच्या वह्या तपासत असल्यासारखं करून तिने तो वाजू दिला. नंतर एका मुलाच्या बरोबर गणितावर तिने लाल फुली मारली आणि ती खोडताना तिला रडू आलं.

संध्याकाळी सात वाजता ती स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. शेवंताबाई लेकीकडे वारासिवनीला गेल्या होत्या. तरी बाहेर टीव्ही लागला, आणि लावला तो जिजाबाईंनी.

"मंजुषा, ये इकडे. आज होते वाटते काहीतरी."

ती येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. पडद्यावर निळ्या साडीवाली हात जोडून रडत होती. तिच्या सासूला चक्कर आली. नणंदेला चक्कर आली. ढगांचा गडगडाट झाला आणि जाहिरात लागली.

"आता याच्यात चक्कर येण्यासारखं काय आहे?" जिजाबाई वैतागून म्हणाल्या. "पाट लावून द्यायचा, चार माणसं जेवू घालायची, झालं. माझा नाही का लागला?"

मंजुषाला वाटलं आपण भलतंच ऐकलं.

"तुमचा पाट? म्हणजे दुसरं लग्न?"

"त काय पहिलं?" प्रेमलाल खाटेवरून म्हणाले. "तिचा पहिला घरवाला परसवाड्याचा होता. तापानं गेला. वर्षभरानं तिच्या सासऱ्यानंच पाट लावून दिला माह्यासंग. चांगला माणूस होता तो."

"मले कोणी सांगितलं नाही," मंजुषा म्हणाली.

"सांगायचं काय त्यात? गावाले माहीत आहे. तुले माहीत असंन असं वाटलं."

मंजुषा खाली बसली.

"मग तुम्ही रोज टीव्ही काहून बंद करत होत्या, आई?"

जाहिराती संपल्या, मालिका पुन्हा सुरू झाली, तरी जिजाबाईंचं लक्ष तिकडे नव्हतं.

"हे निळ्या साडीवाली गेली त सासूजवळ कोण राहीन, हे कोणत्याच दिवशी दाखवत नाहीत ना," त्या शेवटी म्हणाल्या. "त्या लाइनमनचं शेवंतानं सांगितलं होतं मले दिवाळीतच. मी म्हटलं, पोरगी स्वतःहून बोलन तेव्हा बोलन. तोवर आपण काहून विषय काढायचा? काढला त जाशील तू." त्यांनी पदराने नाक पुसलं. "लालची आहो मी. दुसरं काही नाही."

मंजुषाला त्यांच्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी त्यांचा भयंकर रागही आला.

"मी त्यांना आज 'नाही' म्हणून कळवलं," ती म्हणाली.

"काहून?"

"तुम्ही बंद करत होत्या म्हणून."

खाटेवर प्रेमलाल उठून बसले. जिजाबाईंनी कपाळावर हात मारला नाही की देवाचं नाव घेतलं नाही. त्या सरकून सुनेजवळ बसल्या.

"आमगाववाल्यांना त्यांनी हो म्हटलं असंन आतापर्यंत," मंजुषा म्हणाली.

"अर्ध्या दिवसात सोयरीक होत नाही. लाव फोन."

"मी काय बोलू त्यांना?"

"तू काहून बोलशील? बुधवारी आपली मंडई आहे. त्याले जेवायले बोलावतो."

दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, घरोघरी पाहुणे असतात, आणि कुणाच्या ओसरीवर कोण जेवलं हे दुसऱ्या दिवशी साऱ्या गावाला ठाऊक असतं. तिथे बसलेल्या माणसाबद्दल मग कुणी कुजबुजत नाही, सरळ लग्नाची तारीख विचारतं. मंजुषाला हे कळत होतं, म्हणूनच नंबर लावताना तिची बोटं दोनदा चुकली.

घंटी जात राहिली. प्रेमलालनी न सांगता टीव्हीचा आवाज बंद केला. पडद्यावर निळ्या साडीवाली अजून रडत होती, पण आता तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं. पाचवी घंटी गेली, सहावी गेली. मंजुषाने फोन खाली घेतला, तेवढ्यात तिकडून आवाज आला आणि जिजाबाईंनी तिच्या हातून फोन काढून घेतला.

"गजेंद्र भाऊ का जी?" त्या म्हणाल्या, आणि त्यांनी सुनेकडे पाठ फिरवली. "मी मंजुषाची माय बोलून राह्यली."