हुनरोने भरायला लावलेले माप

मित्रांनो, मी एक जुने चिपटे आहे, उंबराच्या लाकडातून कोरलेले. नाईलच्या पश्चिम तीरावर, थडगी खोदणाऱ्या कारागिरांच्या गावात, धान्य मोजण्यात माझे आयुष्य गेले. आम्ही सहा भावंडे. थोरला अर्ध्या मापाचा, त्याच्या पाठचा पाव मापाचा आणि पुढचा प्रत्येक जण आधीच्याच्या निम्मा. शेंडेफळ मी, मापाचा चौसष्टावा भाग. सेत या वैरी देवाने होरस देवाचा डोळा फोडला तेव्हा त्याचे सहा तुकडे झाले, असे सगळे मानत. सुताराने एकेक तुकडा आमच्यावर कोरला होता. माझ्या वाट्याला डोळ्याखालची अश्रूची रेघ आली.

कोठारावरचा इपुय दर घराला आम्हा सहांनी एकेकदा वाट्याचा गहू मोजायचा आणि म्हणायचा, "झालं भरून माप!"

नवऱ्यामागे तीन लेकरे वाढवणाऱ्या हुनरोला ते पटेना. एका सकाळी तिने कोठारातले मोठे माप पुढे ओढले, आम्हा सहांना भरून त्यात रिते केले आणि काठावरून पट्टी फिरवली. पट्टी गव्हाला लागलीच नाही.

"इपुयदादा, हे रिकामं कशानं?"

"अगं, सहा तुकडे जोडले तरी डोळ्यात एवढंसं उणं राहतंच. ते थोथ देव जादूनं भरतो."

"मग बोलवा त्याला. मी थांबते."

"चिपटंभर गव्हासाठी एवढा तमाशा?"

"गावात घरं चौसष्ट. चौसष्ट चिपटी म्हणजे एक अख्खं माप. ते देव खातो, की तुमची बायको दळते?"

लोक हसले. इपुयने रागाने दार लावून घेतले. हुनरो उंबरठ्यावरच बसली. ऊन चढले, दगड तापले. एकेक शेजारीण रिकामी टोपली घेऊन तिच्याजवळ येऊन बसली. उणे माप कोणीच घरी नेईना.

दुपार कलली तेव्हा दार उघडले. इपुयने मला दुसऱ्यांदा भरले आणि ओतले. पट्टी गव्हावरून खसखसत गेली.

"आला बाई थोथ देव!" हुनरो म्हणाली.

तेव्हापासून भावंडे एकदा भरत, मी दोनदा. पुढे माझ्या काठाची कपची उडाली. हुनरोच्या लेकीनेच ते हेरले आणि मला कोठारातून काढायला लावले. आज मी गावाबाहेर वाळूत पडून आहे. वाईट वाटले, पण तिचे काही चुकले नाही. मित्रांनो, मापाचे काठ जपा. आणि माप तुटले, तर त्याच्यावर दया करू नका. त्याच्यावर ज्यांची चूल पेटते, त्यांच्यावर करा.