थर्मासमधला कोरा चहा

"चहा? छे हो! बाळंतिणीला मी चहाचा थेंबसुद्धा देत नाही," प्रेमाने सुनेला तोंडच उघडू दिलं नाही.

घाटकोपरच्या त्या दवाखान्यात दीप्ती मांडीवरच्या तान्ह्याला थोपटून थोपटून स्वतःच पेंगायला आली होती. झोपेशी सात जन्मांचं वैर असल्यासारखं ते पोर टक्क जागं राहायचं, नाहीतर किंचाळायचं. प्रेमाने मीठमोहऱ्या ओवाळून पाहिल्या, अंगारा लावला. आणि काल दीप्तीने रडत रडत विचारलं, "आई, माझंच दूध वाईट आहे का हो?" तेव्हा प्रेमाच्या काळजात जुनी कळ उठली होती.

"मग ही दिवसभर पिते काय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कोरा चहा! गूळ-सुंठ घालून काळाकुट्ट उकळलेला. थर्मास भरूनच ठेवते ना उशाशी. आमच्यात बाळंतिणीला हाच देतात. दुधाचा चहा बाधतो, हा म्हणजे काढाच."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो मावशी, दूध नाही घातलं तरी पत्ती तीच ना? त्यातलं कॅफीन आईच्या दुधातून बाळाच्या पोटात जातं. कप-दोन कपांचं काही नाही, पण थर्मास? एवढ्याशा जिवाच्या अंगातून ते लवकर निघतही नाही. बंद करा, मग बघा कसं झोपतं."

"म्हणजे दूध वाईट नाही?" दीप्तीने विचारलं.

"दूध एकदम छान आहे."

दीप्तीला हायसं वाटलं. प्रेमाला मात्र स्वतःचं बाळंतपण आठवलं.

तिचा नितेशही तान्हा असताना अस्साच होता. जागा, किंचाळणारा. 'तुझ्या दुधातच खोट आहे,' म्हणत सासूबाईंनी त्याला छातीवरून ओढून बाटलीला लावलं होतं. चाळभर बोभाटा झाला. आणि उशाशी कोऱ्या चहाचा थर्मास कोण ठेवायचं? सासूबाईच. मायेने, फुंकर घालून पाजायच्या. त्यांच्यावर रागवायचं तरी कसं? पण त्याच धसक्याने प्रेमाने दुसरं मूल होऊ दिलं नाही. आयुष्यभर स्वतःला नासकी समजत आली. अरे देवा, एका चहापायी!

घरी आल्या आल्या तिने थर्मास मोरीत उपडा केला. काळं पाणी जाईपर्यंत ती तिथेच उभी होती.

काही दिवसांनी नितेश कामावरून आला, तर घर गपगार. दीप्ती आणि बाळ दोघंही गाढ झोपलेली.

"काय झकास झोपलाय ना!" भाकरीचा घास मोडत तो कुजबुजला.

प्रेमा त्याच्यासमोर बसली. "नितेश, माझं दूध चांगलं होतं रे."

दीप्तीने त्याला सगळं सांगितलं होतं. घास तोंडात तसाच राहिला. प्रेमाने पदराचं टोक घेतलं आणि त्याच्या दाढीमिशांतले ओठ हलकेच पुसले. तोही लाजून मागे सरला नाही.