अकरावी सुपारी

समाधानने तांब्यातलं पाणी भाटाच्या पायांवर ओतलं आणि दुसरा तांब्या भरायच्या निमित्ताने खाली वाकून हळूच म्हणाला,

"प्रेमराजकाका, आज ते एक नाव नका वाचू."

प्रेमराज भाट धोतराच्या सोग्याने पाय पुसत राहिला. समाजातल्या घराघरांच्या वंशावळी त्याच्या घराण्याकडे होत्या. चार-पाच वर्षांनी एकदा तो लाल बासनात बांधलेली वही घेऊन यायचा, बैठकीत बसून त्या घराचे सगळे पूर्वज वाचून दाखवायचा, नवी जन्मलेली नावं लिहून घ्यायचा. आज मात्र त्याला मुद्दाम बोलावलं होतं.

"करीमबाबांचं?" त्याने विचारलं.

"अहो, हळू!" समाधानने फाटकाकडे पाहिलं. पाहुणे अजून आले नव्हते. "पोरीचं जमायचंय आज."

"लिहिलेलं मी खोडत नाही, भाऊ. बापाने शपथ घातलीय." भाटाने डोळ्यांवरचा चष्मा काढून हातात धरला. "पण म्हातारा माणूस मी. वाचता वाचता चष्मा पुसायला घेतला, तर एखादी ओळ दिसत नाही. त्याला कोण काय करणार?"

समाधानला हायसं वाटलं. लगेच स्वतःची लाजही वाटली. पण तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली, आणि लाज वाटायलाही वेळ उरला नाही.

वरणगावच्या आसपास त्यांच्या मुकादम या आडनावाचं कोणाला काही वाटत नसे. केळीचे ट्रक भरायला टोळी येते, तिचा म्होरक्या मुकादमच असतो. तसंच एखाद्याचं आडनाव, एवढंच. गाव सोडलं की मात्र पंचाईत. पुण्याच्या स्थळाने "म्हणजे तुम्ही नक्की..." असं अर्धवट विचारून फोन ठेवला, तो पुन्हा उचललाच नाही. नाशिकवाल्यांनी तर पत्रिकेत पाटील छापाल का म्हणून विचारलं. समाधानच्या लेकीला, चारुलताला, एकोणतिसावं लागलं होतं. भुसावळच्या औषधाच्या दुकानात ती गोळ्या देता देता हितेंद्रला भेटली, तो वरणगावच्या कारखान्यात कामाला, आपल्याच समाजातला, स्वभावाने गरीब. दोघांचं जमलं होतं. हे मोडलं तर मी पुन्हा कोणासमोर पोहे घेऊन यायची नाही, असं तिने आईला, कुंदाबाईंना, बजावून ठेवलं होतं. ती बोलली की करते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

धुळ्याहून हितेंद्रचे वडील वनाभाऊ बऱ्हाटे आले होते आणि सोबत त्यांची आई, झुंबरबाई. मुलाला मुद्दाम आणलं नव्हतं. वनाभाऊंनी पाणी घेतलं आणि खिशातून मोबाइल काढला.

"राग मानू नका. मी यात पाहिलं. मुकादम हा मूळ अरबी शब्द. पुढे ठेवलेला, पुढारी असा अर्थ. तिकडे अरबस्तानात लावतात, इकडे कोकणात लावतात, मुसलमानांत तर बरेच."

"हुद्दा हो तो," समाधान घाईघाईने म्हणाला. हे त्याने घोकून ठेवलं होतं. "इनामदार, जमादार असतात ना, तसाच. आम्ही मूळचे भंगाळे."

"असाल ना. पण मोबाइल आमच्या भाऊबंदांकडेही आहेत. म्हणून म्हटलं, एकदा वही ऐकू. कोणाला बोलायला जागा नको." वनाभाऊ भाटाकडे पाहून हसले. "आमचा भाटही हाच. मागल्या दिवाळीत आमची वही वाचली, दहा मिनिटांत आटोपली. एकदम स्वच्छ."

समाधानचे वडील, उखर्डूआबा, सतरंजीवर मांडी घालून तयारच बसले होते. ऐंशी पार केलेले, कानाने ठार बहिरे. पण वही वाचायची म्हटलं की त्यांना कोण उत्साह! या घराची रीत होती: भाट एकेक नाव वाचून बोट वर करायचा आणि घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाने त्या पूर्वजाच्या नावाने लाल फडक्यावर एक सुपारी मांडायची. आबांच्या मुठीत अकरा सुपाऱ्या होत्या.

भाटाने वाचायला सुरुवात केली. नाव, बोट, सुपारी. नाव, बोट, सुपारी. समाधान दाराला टेकून उभा होता आणि मनात मोजत होता. आठवं नाव झालं. भाटाने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने सावकाश पुसला, पुन्हा लावला आणि सीतारामचं नाव घेतलं. त्यापाठोपाठ आबांच्या वडिलांचं. मग वही मिटली.

"झालं," भाट म्हणाला.

"चला, बरं झालं," वनाभाऊ म्हणाले. आतून कपबश्यांचा आवाज आला.

आबा मात्र तळहाताकडे पाहत बसले होते. त्यांनी फडक्यावरच्या सुपाऱ्या बोटाने मोजल्या. पुन्हा मोजताना, भाटाने चष्मा पुसला त्या आठव्या सुपारीपुढे त्यांचं बोट थांबलं. मग बहिऱ्या माणसाच्या खणखणीत आवाजात म्हणाले,

"एक उरली ना रे भो! करीमबाबा राह्यला! वाच ना त्याले, कायले मिटली वही?"



"करीमबाबा कोण?" वनाभाऊंनी विचारलं.

समाधान पुढे झाला. "आबांचं वय झालंय हो. हल्ली काहीच्या काही..."

आबांना त्यातलं काही ऐकू गेलं नाही. मुलगा आपल्याविषयीच बोलतोय एवढं कळलं, म्हणून ते त्याच्याकडे पाहून हसले आणि त्यांनी सुपारी असलेला हात त्याच्यापुढे धरला. समाधानने मान खाली घातली.

चारुलता चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिने ट्रे खाली ठेवला.

"प्रेमराजकाका, वही उघडा. करीमबाबांचं वाचा."

"चारू!" आतून कुंदाबाईंचा आवाज आला.

"वाचा ना काका. आबा थांबलेत."

भाटाने समाधानकडे पाहिलं. मग वही उघडली.

"सीताराम, वय वर्षे चार. आईबाप एका आठवड्यात प्लेगने गेले. गावाबाहेर झोपडीत पोर एकलं रडत होतं, भीतीने कोणी जवळ गेलं नाही. कापसाच्या गाड्यांचा मुकादम करीम, त्याने उचलून नेलं. जात राखायला पोराच्याच सोयऱ्यांच्या घरून ताट मागवून जेवू घातलं, लहानाचा मोठा केला. समाजातच सोयरीक केली, दोन बिघे रान नावावर करून दिलं. मांडवात विचारलं, मुलाचा बाप कोण? सीतारामने करीमचा हात धरला. म्हणून बापाच्या जागी नाव लिहिलं. आडनाव तेच चाललं."

भाटाने बोट वर केलं. आबांनी शेवटच्या दोन सुपाऱ्या जरा पुढे सरकवल्या, मध्ये जागा केली आणि मुठीतली सुपारी तिथे नीट बसवली.

वनाभाऊंनी मोबाइल खिशात टाकला. त्यांचं तोंड कसनुसं झालं होतं.

"आई, उशीर होतोय. आपण निघू. घरी जाऊन बोलू."

समाधानला वाटलं, संपलं सगळं. त्याने लेकीकडे पाहिलं. ती फडक्यावरच्या सुपाऱ्यांकडे बघत होती. डोळे भरले होते, पण पुसायला तिने हात उचलला नाही.

झुंबरबाई जागच्या उठल्या नाहीत. त्या मघापासून भाटाच्या चष्म्याकडे पाहत होत्या.

"प्रेमराज, मागल्या दिवाळीले आमच्या घरी वही वाचली ना तू?"

"हो, अक्का."

"दोनदा पुसला व्हता चष्मा."

भाट वहीचं बासन बांधायला लागला. त्याची गाठ काही केल्या बसेना.

"आई?" वनाभाऊ म्हणाले.

"तू बस, वना." झुंबरबाईंनी चारुलताला जवळ बोलावलं आणि तिच्या हातून चहाचा कप घेतला. एक घोट घेतला, मग भाटाला म्हणाल्या,

"पुढल्या खेपेले आमच्या घरी येशील, तेव्हा चष्मा घरूनच पुसून ये. ही पोर समोर बसेल."