खुर्चीतल्या बाईला कळू नये म्हणून

पार्लरमध्ये खुर्चीत बसलेल्या बाईला सगळं खरं सांगायचं नसतं. आपापसांत मात्र सांगावंच लागतं, आणि तेही तिच्या डोक्याशी उभं राहून. त्यासाठी माझ्या धाकट्या बहिणीने आणि मी एक भाषा करून ठेवली होती. शब्द साधे, इंग्रजी, कुणाच्याही तोंडात असतात ते. 'बॅटरी' म्हणजे जिची बडबड संपत नाही अशी बाई. 'पार्सल' म्हणजे ही कटकट आता तू सांभाळ. 'क्लासिक' म्हणजे केसांची पार वाट लागलीय, पण हसत राहा. आणि 'फॉर्टी लाव' म्हणजे हिला गप्पांत गुंतव, हिने मान वळवता कामा नये.

फॉर्टीच का, ते मला विचारू नका. लहानपणी आम्ही बहिणी आईला चकवायला असले शब्द बनवायचो. तेव्हा फॉर्टी म्हणजे तू आईला बोलण्यात गुंतव, तोवर मी डब्यातला खाऊ काढते. पार्लरमध्ये ते शब्द आयतेच कामाला आले. तिसऱ्या कुणाला शिकवायचे नाहीत, एवढंच ठरलेलं. नखं करायला एक मुलगी आली, तिला आम्ही नखवाली म्हणायचो. ती बिचारी विचारायची, "सारखी कुणाची बॅटरी संपत नाही हो?" आम्ही दोघी तोंडात टॉवेल कोंबून हसायचो.

पार्लर मॅडमचं. त्या आता थकल्या होत्या. पार्लर कुणाला तरी चालवायला देणार, हे आम्हाला ठाऊक होतं. आम्हीच मिळून घ्यायचं, हे मी धरूनच चालले होते. खिडकीजवळची खुर्ची माझी, बेसिनजवळची तिची. मी रोज म्हणायची, "चल, मॅडमशी बोलून टाकू." ती म्हणायची, "घाई कसली, ताई? योग्य वेळ बघून बोलू." धाकटी किती विचार करते, असं मला वाटायचं. कपाळ माझं.

त्या दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. धाकटी आपणहून म्हणाली, "बस, तुझ्या केसांना रंग लावून देते. सगळ्या जगाचे केस काळे करतेस आणि स्वतःकडे बघत नाहीस." मला बरं वाटलं. तिने बटा वेगळ्या करून नीट रंग लावला. वेळ झाल्यावर मला बेसिनपाशी नेलं, मान मागे टेकवली आणि डोळ्यांवर घडी केलेला टॉवेल ठेवला. ती पाणी सोडणार तेवढ्यात दार उघडल्याचा आवाज आला. कुणीतरी आतल्या खोलीकडे गेलं. माझ्या कपाळावरचा तिचा हात थांबला.

"फॉर्टी लाव," ती हळूच म्हणाली.

धाकटीची पावलं आतल्या खोलीकडे गेली आणि लगेच नखवालीचं स्टूल सरकलं. तिने माझा हात हातात घेतला. "ताई, तुमची नखं काय सुंदर आहेत हो. कुठलं क्रीम लावता?"

आधी मला वाटलं, दुसरी कुणी बाई येऊन बसली असेल. मग कळलं, मान मागे टाकून बसलेली मीच.

धाकटी काही इतकी मूर्ख नाही. विचार करून बोलली असती तर तिने दुसरा शब्द शोधला असता. पण बेसिनवर डोकं दिसलं की आमची जीभ आपोआप त्या भाषेकडे वळते. डोकं कुणाचं आहे, तेवढं ती विसरली. आणि नखवालीला एका झटक्यात समजलं, म्हणजे ती केव्हाच शिकली होती. तिची ती बॅटरीची चौकशी नुसतं नाटक होतं.

मी टॉवेल काढून उठले.

"ताई, उठू नका, रंग ओघळेल," नखवाली म्हणाली.

"ओघळू दे."

आतल्या खोलीत मॅडम होत्या, धाकटी होती आणि पाटी रंगवणारा पेंटर मोजायची टेप घेऊन उभा होता. मॅडम मला बघून खूश झाल्या. "बरं झालं आलीस. धाकटी आणि नखवाली, दोघींची नावं पाटीवर मावतील ना? तू सोडून चाललीस याचं मला वाईट वाटलं हो. पण गुडघेच गेले म्हटल्यावर काय करणार?"

माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय? मी धाकटीकडे बघितलं. ती पेंटरच्या टेपकडे बघत होती.

"ताई, मी सांगणारच होते."

"कधी?"

"योग्य वेळ बघून." मग तिचा आवाज चढला. "सगळं तूच ठरवत आलीस. खुर्ची कुठली तेसुद्धा. मला एकदा काहीतरी माझं हवं होतं."

हवं होतं तर मागायचं. मी कुरकुरले असते, भांडले असते, आणि शेवटी दिलं असतं. डोकं चुरचुरायला लागलं होतं. मी परत जाऊन बेसिनवर मान टेकवली आणि म्हटलं, "धू."

तिने धुतलं. पाणी तिने आधी मनगटावर बघून घेतलं, मी शिकवलं होतं तसं. केस पुसून तिने मला आरशासमोर बसवलं. रंग फार वेळ राहिला होता. कपाळाशी काळा डाग पडला होता आणि कानशिलाशी, जिथून तो ओघळला, तिथे पांढरं तसंच होतं. इतकं वाईट काम या पार्लरमधून कधी बाहेर गेलं नव्हतं.

"कसा आलाय?" मी विचारलं.

मी थांबले. तिने एकदा 'क्लासिक' म्हणावं, एवढंच मला हवं होतं. तो शब्द ती माझ्याशी खरं बोलायलाच वापरत आली होती. तो आला असता तर मी रडले असते, तिला दोन ठेवून दिल्या असत्या, आणि उद्या तिच्या हाताखाली कामालाही आले असते.

आरशात तिने माझ्याकडे बघितलं. गिऱ्हाइकाकडे बघून हसतो तसं ती हसली.

"छान आलाय," ती म्हणाली. "एकदम शोभतोय तुला."

मी खांद्यावरचा टॉवेल काढून त्याची घडी घातली आणि तो तिच्या हातात दिला.

"पुन्हा कधी येऊ?" मी विचारलं. "तुम्ही वेळ द्याल तेव्हा येईन."

तिचं हसू गेलं. मी खिडकीजवळच्या खुर्चीवरून माझी पर्स उचलली आणि तसेच ओले केस घेऊन बाहेर पडले.