जोडा रुळेपर्यंत

“टाच दाब खाली. आणखी दाब! माज्या तोंडाकडं काय बघतोस, जोड्याकडं बघ!” धर्माजी खेकसला.

गेणभाऊनं टाच दाबली. नवाकोरा लाल जोडा करकरला आणि करंगळीला असा डसला, की गेणभाऊचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

“करंगळीपाशी लई आवळतोय.”

“मंग काढ आन् ह्यो घाल.”

दुसरा चवड्याला बसला, पण मागून निसटायला लागला. तिसऱ्यात अंगठ्याशेजारचं लांब बोट दुमडलं. धर्माजीनं त्या बोटाचा यथेच्छ उद्धार केला आणि आणखी एक जोडा पुढं सारला. तो पायात सरकला, तेव्हा गेणभाऊ काही बोललाच नाही. उठला, चार पावलं टाकून आला आणि म्हणाला, “ह्यो. ह्योच त्यांचा.”

कारण जोडा गेणभाऊचा नव्हताच मुळी. जुन्नरच्या पेठेत हिरड्याचा व्यापार करणारे खेमचंद शेट, त्यांचा तो जोडा. शेट स्वतः धर्माजीच्या दुकानी कधी येत नसत. त्यांचा पाय यायचा, आणि तो गेणभाऊच्या अंगाला लागून यायचा.

ही गंमत फार जुनी. गेणभाऊ पश्चिमेकडच्या डोंगरातला. पोरसवदा असताना बापाबरोबर हिरड्याची ओझी घेऊन पेठेत उतरायचा. दुष्काळात आईबाप गेले, तेव्हा खेमचंदच्या वडलांनी, फतेचंद शेटनी, त्याला वखारीत ठेवून घेतलं. खेमचंद त्याच्याच वयाचा. एकदा हळदीचं पोतं फाटलं आणि दोघांनी त्यात मनसोक्त नाचून घेतलं. फतेचंद शेट छडी घेऊन धावले, पण फरशीवरचे पिवळे पाय बघतात तर कोणता कुणाचा ते कळेना. तीच टाच, तोच रुंद चवडा, तेच लांब बोट! म्हातारा पक्का व्यापारी. छडी बाजूला ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून खेमचंदचा प्रत्येक नवा जोडा आधी गेणभाऊच्या पायात घालायला लावला.

धर्माजीच्या जोड्याला डावं-उजवं नसे. दोन्ही पाय सारखेच शिवायचे. कुठला डावा, कुठला उजवा ते घालणाऱ्यानं जोड्याला शिकवायचं. तेल चोळायचं, टाचेची कड दगडानं ठेचायची आणि फोड येऊन फुटून तिथं घट्टा धरेपर्यंत चालायचं. तेही वखारीत, परसात, नदीकाठी. चावडीवरून नाही. हिरडा वेचणाऱ्याचा पोर लाल जोडा करकरवत चावडीसमोरून गेला असता तर लोकांनी तो त्याच्या डोक्यात घातला असता. आणि जोडा एकदाचा मऊ झाला, पायाला आपला वाटायला लागला, की पुसून शेटच्या उंबऱ्याशी नेऊन ठेवायचा. गेणभाऊची बायको चिमाबाई त्याला छेडायची, “चावतो तवर तुजा, गुमान बसला की शेटचा. बरं हाय बाई!” तो हसायचा. पण जोडा ठेवून परतताना त्याचे पाय दोन दिवस भुईवर कुठं ठेवावेत ते विसरल्यासारखे पडायचे.

यंदाचा जोडा लग्नाचा होता. प्लेगात खेमचंद शेटची बायको गेली, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या आईनं, सज्जनबाईंनी, हट्टानं कळंबची मुलगी ठरवली. घरात दोघंच, नातवंडाशिवाय डोळे मिटायचे नाहीत असं त्यांनी जाहीरच करून टाकलं होतं.

“गेण्या, मांडवात जोडा चावला नाही पाहिजे हां,” त्यांनी बजावलं. “आधीच नवरदेवाचं तोंड उतरलेलं. त्यात लंगडायला नको.”

दुसऱ्या दिवशी उजाडताना गेणभाऊ जोडा काखेत मारून वखारीत शिरला आणि जागच्या जागी थबकला. वाळल्या हिरड्याच्या ढिगावर खेमचंद शेट उभे होते. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय अनवाणी. एक पाऊल टाकायचे, ओठ चावायचे, दुसरं टाकायचे.

“शेट! आवं हे काय?”

खेमचंद शेट खाली उतरले. चोरी पकडल्यासारखं त्यांनी खोचलेलं धोतर सोडून सारखं केलं. मग म्हणाले, “तुझ्या तळव्यासारखा तळवा करायला किती दिवस लागतात रे?”

“माजा? मला काय ठावं. माजा जन्मापास्नंच हाय.”

“माझ्याजवळ जन्म नाही. लग्नाचा दिवस यायच्या आत उरकायला पाहिजे.”

मग सगळं बाहेर आलं. आळे गावी जैन महाराजांचा चातुर्मास झाला, तेव्हापासून शेटच्या मनानं दीक्षा घेतली होती. साधू व्हायचं, आयुष्यभर अनवाणी गावोगाव चालायचं. आईच्या आज्ञेशिवाय महाराज दीक्षा देत नाहीत. आईपाशी एकदा गोष्ट काढली, तर ती हसली. म्हणाली, ज्याचा जोडासुद्धा दुसऱ्याला चावून घ्यावा लागतो, तो अनवाणी हिंडणार!

“खोटं काय बोलली ती?” खेमचंद शेट म्हणाले. “आता पाय तयार झाल्याशिवाय पुन्हा विचारायचं नाही. चार दिवसांत पाय सुजून परत आलो, तर त्यापेक्षा न गेलेलं बरं. तू शिकव मला. आणि जोडा घालून तू बरोबर चाल. आईला पडल्या पडल्या करकर ऐकू येते. तिला वाटेल मीच चालतोय.”

नाही म्हणायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच शेटनी त्याच्याकडं असं काही मागितलं होतं, की जे त्याच्यापाशी होतं आणि शेटपाशी नव्हतं. तो “बरं” म्हणाला, आणि तिथून त्याची झोप उडाली.

रोज उजाडताना दोघं परसदारानं बाहेर पडायचे. गडी जोडा करकरवत, मालक अनवाणी. बघणाऱ्याला हसूच आलं असतं.

“टाच आदी टेकवू नका. चवडा ठिवा, मंग भार द्या. आन् खाली बघत चालू नका शेट, मान मोडंल. पाय आपला आपण बघतो.”

“खालीच बघायचं असतं. मुंगी चिरडू नये म्हणून.”

“आसं व्हय? मंग बघा बाबा.”

शेट चालायचे आणि गेणभाऊ धुमसत राहायचा. सज्जनबाईंनी, त्याच्या मोठ्या बाईंनी, त्याला जेवू घातलं होतं, त्याच्या लग्नात चिमाबाईला लुगडं नेसवलं होतं. त्यांचा एकुलता मुलगा त्यांच्या डोळ्यांआड घराबाहेर काढायला आपणच वाट दाखवतोय, हे त्याला घासागणिक टोचायचं. सांगून टाकावं, असं दिवसातनं दहादा मनात यायचं. त्यांच्यापुढं जाऊन तोंड उघडायचा आणि पोत्यांचा हिशेब विचारून परत यायचा. बरं, शेट गेले तर आपलं काय, हेही होतंच. जोड्याचं सोडा. पण पिवळे पाय करून बरोबर नाचलेलं दुसरं माणूस जगात होतं कोण? सारखं उठावं, बसावं, वखारीतनं फेऱ्या माराव्यात, असं त्याचं चाललं होतं. चिमाबाई म्हणाली, “जोडा चावतोय का दुसरंच काय?” तर तिच्यावर वसकन ओरडला.

एके सकाळी त्यानं मुद्दाम वाट वाकडी केली आणि शेटना बाभळीतनं नेलं. मोडू देत एकदाचे, बसू देत घरी! शेट बसले, काटे उपसले, रक्त धोतरानं टिपलं आणि उठून पुढं चालायला लागले. तक्रारीचा शब्द नाही. गेणभाऊला स्वतःच्या पायातल्या जोड्याची लाज वाटली.

इकडं सज्जनबाई खुशीत होत्या. “तयार झाला का रे जोडा?” त्यांनी विचारलं होतं आणि गेणभाऊनं मान खाली घालून सांगितलं होतं, “झाला की. शेटनी घातला बी.” तेव्हापासून पहाटेची करकर कानावर आली, की त्या अंथरुणात हसायच्या. शेजारच्या उगमबाईंना सांगायच्या, “नको नको म्हणत होता, आता बघा, उजाडत नाही तो नवा जोडा घालून फिरायला! मुलगी मनात भरली म्हणायची.”

फक्त परसदारापासून माजघरापर्यंत सारवलेल्या जमिनीवर पुन्हा पुन्हा अनवाणी पावलं उमटायची आणि त्यांत रक्ताचे डाग असायचे. अनवाणी म्हणजे गेणभाऊचीच, असं धरून त्यांनी त्याला हाक मारली.

“तुझे पाय फुटलेत का रे? सगळीकडं रक्त. जरा जपावं की!”

“काटा लागला व्हता, मोठ्या बाई.”

त्यांनी तेलात हळद कढवून वाटी त्याच्या हातात दिली. गेणभाऊनं ती वखारीत नेऊन शेटच्या तळव्यांना चोळली. रोज वाटी मिळायची, रोज रिकामी व्हायची, आणि डाग काही थांबेनात.

शेवटी एका सकाळी, जोडा काढून गेणभाऊ परसात हातपाय धूत होता, तेव्हा सज्जनबाई स्वतःच गरम पाणी घेऊन आल्या.

“बस पायरीवर. पाय इकडं कर.”

“नको, मोठ्या बाई. तुमी माज्या पायाला...”

“इकडं कर म्हणते ना! रोज वाटीभर तेल जातंय आणि गुण कसा नाही ते बघू दे मला.”

त्यांनी त्याचा पाय ओढून मांडीवर घेतला. तळवा वळवून बघितला. दुसरा घेतला, तोही बघितला. उन्हापावसानं फुटलेल्या टाचा, जाड, दगडासारखा तळवा. काट्याची एक खूण नाही. करंगळीवर तेवढा जोड्यानं केलेला नवा घट्टा होता आणि पायाच्या वरच्या बाजूला जोड्याच्या कडेचा लाल वळ. त्या वळावरून त्यांनी बोट फिरवलं. ताजा होता.

“जोडा अजून तूच घालतोस,” त्या हळू म्हणाल्या.

गेणभाऊनं मान खाली घातली.

“मग रक्त कुणाचं?”

तो पाय मागं ओढायला लागला.

“गेण्या, माझ्या हातचं खाल्लंयस तू. रक्त कुणाचं?”

“शेटचं.”

सज्जनबाईंनी पाय सोडला नाही. तसाच मांडीवर धरून बसल्या. बाहेर कुणीतरी बैलांना हाकत गेलं.

“दीक्षेसाठी?”

“व्हय.”

“आणि मी मेली कळंबकरांना शालूचा रंग कळवत बसले!” त्यांचा आवाज चिरकला. “तू का नाही अडवलंस त्याला? माझ्याकडं का नाही आलास?”

“आलो व्हतो. रोज येत व्हतो. तोंड उचकटंना.” गेणभाऊचे डोळे भरून आले. “मला वाटलं, दोन दिसांत मोडत्याल. मोडावं आसंच वाटत व्हतं, बाई. येक दिस काट्यातनं नेलं मी त्यांना. जाणून नेलं. तरी मागं फिरलं न्हाईत.”

“ओरडला?”

“न्हाई.”

“लहानपणी नुसती ठेच लागली तर आळी गोळा करायचा,” त्या म्हणाल्या. पाणी निवून गेलं. त्यांनी पदरानं गेणभाऊचा पाय पुसला, खाली ठेवला, आणि भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या.

“उद्या कुठल्या वाटेनं नेणार आहेस?”

“तुमी म्हणाल तसं.”

“नदीकाठानं ने. तिकडं माती मऊ आहे.”

“मोठ्या बाई,” तो चाचरत म्हणाला, “मऊ मातीत तळवा तयार व्हत न्हाई.”

त्यांनी त्याच्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असं त्याला वाटलं. त्या वळल्या, दारापर्यंत गेल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, “मग सडकेनं ने. नवी खडी पडलीय तिथं.”

त्या दुपारी लग्न मोडल्याचा निरोप घेऊन कळंबला माणूस गेला. खेमचंद शेट आईच्या दाराशी जाऊन उभे राहिले, तर दार लावलेलं होतं.

सकाळी गेणभाऊ आला तो अनवाणीच. करकर ऐकवायची आता कुणाला? परसदाराचा अडसर आधीच काढलेला होता. आत डोकावला आणि तो तिथंच उभा राहिला. घरच्या केरसुणीपलीकडं ज्यांनी झाडायला कधी काही हातात धरलं नाही, त्या सज्जनबाई खराटा घेऊन कमरेत वाकल्या होत्या. दारापासून फाटकापर्यंत त्यांनी परस झाडून काढला होता. खडा नाही, काडी नाही. शेवटचा हात मारता मारता त्यांना धाप लागली होती.

खेमचंद शेट दारात आले. आई बाजूला सरली. ते खाली बघत, एकेक पाऊल सावकाश टाकत त्या झाडलेल्या जमिनीवरून चालत गेले. फाटकापाशी जरा थांबले, आणि त्यांनी सडकेच्या खडीवर पाय ठेवला.