दोघींचा एक फोन

चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला फळ्यांची आडभिंत घालून डोळे तपासण्याची खोली केलेली होती. खोली अरुंद आणि लांबट होती, कारण खुर्ची आणि अक्षरांचा तक्ता यांच्यात ठरावीक अंतर लागते, आणि त्या अंतरासाठी चष्मेवाल्याने दर्शनी भागातले एक काचेचे कपाट काढून टाकले होते. खोलीच्या पलीकडे, जेमतेम एक स्टूल मावेल अशा जागेत, त्याची बायको काचा फ्रेमच्या आकाराला घासत बसे. यंत्राचे चाक फिरत असले की तिला बाहेरचे ऐकू येत नाही असा गिऱ्हाइकांचा समज होता. तिला सगळे ऐकू येत असे.

खुर्चीत एखादा कॉलेजातला मुलगा बसला आणि त्याचे आईवडील शेजारी उभे राहिले, की चष्मेवाला हमखास विचारी, “फोन किती वेळ बघतोस?” मुलगा छताकडे पाही, उत्तर आई देई, आणि मग चष्मेवाला आवाज न चढवता सांगे, की माझी स्वतःची मुलगी रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गेल्या वर्षी वर्गात तिसरी आली, आणि तिच्याकडे असला फोन नाही. घरात बायकोचा एक बटणांचा फोन आहे, त्यावर तिघांचे भागते. हे तो बढाई म्हणून सांगत नसे. त्याने आजवर गरज नसलेला चष्मा कोणाच्या गळ्यात मारला नव्हता, त्यामुळे त्या रस्त्यावर त्याच्या शब्दाला वजन होते. शाळेतून निवृत्त झालेले मुख्याध्यापक तर हे उदाहरण इतक्या घरांतून सांगत, की मुलीला कधी न पाहिलेली माणसेही तिला ओळखत.

मुलीचे कसे भागते, हे मात्र त्याने विचारले नव्हते. भागत होते, म्हणून विचारण्याचा प्रसंग आला नव्हता.

भागत होते ते एका मैत्रिणीमुळे. शाळेपासून दोघी एका बाकावर बसत आल्या होत्या. मैत्रिणीला सगळे रेडिओ म्हणत. वर्गात आधी तिचा आवाज शिरे आणि मागून ती. कॉलेजातल्या फलकावर आता जुन्या सूचनाच तेवढ्या पिवळ्या पडत होत्या. तासांच्या बदललेल्या वेळा, प्रात्यक्षिकाच्या बॅचा, प्राध्यापकांची टिपणे, सगळे वर्गाच्या ग्रुपवर येई. रेडिओ ते वाची, बटणांच्या फोनवर फोन करून कळवी, टिपणे हाताने उतरवून आणी, आणि त्याबरोबर कोण कोणाला काय म्हणाले तेही पदरचे तिखटमीठ लावून ऐकवी. निरोप दोन वाक्यांचा असे. बाकीच्यालाच वेळ लागे.

सत्राच्या मध्यावर रेडिओ एक निरोप द्यायला विसरली. बॅच दुपारऐवजी सकाळी झाली. मुलगी पोहोचली तेव्हा प्रयोगशाळेतला मदतनीस ओटे पुसत होता आणि मुले जिन्यावरून उतरत होती. प्रात्यक्षिक पुढे भरून निघाले, त्याचे काही विशेष नव्हते. पण जिन्यातच समोर आलेल्या रेडिओला मुलगी सगळ्यांदेखत म्हणाली, “एवढं एकच काम आहे तुझ्याकडे माझं. तेही होत नाही का गं?”

रेडिओ तशीच जिना उतरून निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती दोन बाक मागे बसू लागली. निरोप थांबले नाहीत. उलट ते पूर्वीपेक्षा वक्तशीर झाले. “उद्या अकरा वाजता, वरची लॅब. अ‍ॅप्रन लागेल. ठेवते.” टिपणे सुवाच्य अक्षरात, घडी घालून मुलीच्या बाकावर ठेवलेली असत. मुलीने माफी मागितली, तेव्हा ती अगदी सभ्यपणे म्हणाली, “अगं, माफी कसली? मिळतंय ना सगळं वेळेवर?”

मुलीला दुसरी मैत्रीण नव्हती. ती एकलकोंडी होती असे नाही. एका रेडिओमुळे दुसरीची गरज पडली नव्हती.

एका संध्याकाळी फ्रेमा पुसून खणात ठेवताना तिने वडिलांजवळ विषय काढला.

“बाबा, मला फोन हवाय.”

चष्मेवाला रागावला नाही. तो प्रत्येक तक्रार तपासून पाहणारा माणूस होता.

“निरोप मिळत नाहीत?”

“मिळतात.”

“टिपणं?”

“तीही मिळतात.”

“मग अडतंय कुठे?”

“ती माझ्याशी बोलत नाही.”

“आत्ता तर म्हणालीस, फोन करते.”

“फोन करते. बोलत नाही.”

चष्मेवाल्याने हातातली फ्रेम उजेडात धरली. “भांडण झालं म्हणून फोन घ्यायचा, हे काही मला पटत नाही, बाळ. भांडण झालं तर ते मिटवायचं. त्याला फोन कशाला?”

“फोन असला तर तिला माझं काही करावं लागणार नाही. मग तरी ती...” मुलीने खण बंद केला. ती जे म्हणू पाहत होती त्याला कारण म्हणावे की नाही, याची तिलाच खात्री नव्हती.

आतले चाक थांबले होते. चष्मेवाल्याने विचारले, “काय गं, काय झालं?”

“काही नाही. काच बसत नव्हती,” बायको म्हणाली.

“बसली का?”

“बसली. ओढूनताणून.” आणि चाक पुन्हा सुरू झाले.

पुढच्या आठवड्यात, मुलगी कॉलेजात असताना, रेडिओ दुकानात आली. तिचे डोके दुखत होते आणि तिच्या आईने तिला पाठवले होते. मुलीची गैरहजेरी तिने पाहून ठेवली असावी. चष्मेवाल्याने तिला खुर्चीत बसवले, काचा बदलायची जड गोल फ्रेम तिच्या नाकावर ठेवली आणि एक डोळा झाकला.

“वाच.”

तिने वाचले. खालच्या दोन ओळी तिने अंदाजाने म्हटल्या, आणि त्या चुकल्या.

“अंदाज नको. दिसेल तेवढंच सांग. फोन किती वेळ बघतेस?”

“चारपाच तास होत असतील, काका.”

“बघ.” त्याने काच बदलली. “हे स्पष्ट की हे?”

“पहिलं.”

“माझी मुलगी तुझ्याच वर्गात आहे. तुझ्याइतकाच अभ्यास करते. तिचं डोकं कधी दुखलं नाही. आता?”

“दोन्ही सारखीच दिसतात.” तिने जड फ्रेम नाकावर सावरली. “काका, एक सांगू? त्यातला काही वेळ तिचा असतो.”

“कोणाचा?”

“तिचा. ग्रुपवर दिवसभर मेसेज येत राहतात. निम्मे वाढदिवसाचे, निम्मे ‘सर आले का’ असले. त्यात एखादाच कामाचा. माझ्यापुरतं असतं तर मी सकाळी एकदा बघून सोडून दिलं असतं, चुकलं तर चुकलं. पण तिचंही चुकेल म्हणून सारखं बघावं लागतं. टिपणं तर फोनवर मोठी करकरून उतरवते. तिला नाही ना दिसत ती.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला प्रश्न विचारला गेला होता आणि ती दिसेल तेवढे सांगत होती.

“तू तिला कधी हे म्हणाली नाहीस?”

“काय म्हणायचं? तुमचं नाव आहे ना त्या गोष्टीत. आमच्या शेजारच्या काकूसुद्धा मला सांगतात, त्या चष्मेवाल्यांच्या मुलीकडे बघ जरा, फोनला हात लावत नाही.” ती किंचित हसली. “मी म्हटलं, बघते की. रोजच बघते.”

आडभिंतीपलीकडे चाक केव्हाच थांबले होते. चष्मेवाल्याने आणखी एक काच घालून तिचा कोन हळूहळू फिरवला.

“आता शेवटची ओळ वाच.”

तिने ती न अडखळता वाचली.

“सिलिंडरचा थोडा नंबर आहे, काच ठरावीक कोनातच बसवावी लागेल,” तो म्हणाला. “लहानपणापासूनच असणार. आता बारीक वाचन वाढलं, म्हणून त्रास जाणवला.” इथे तो थांबला. एरवी याच जागी तो आईवडिलांकडे वळून बोलत असे. “नंबर फोनमुळे आलेला नाही. तुझ्या घरी तसं सांग.”

त्या दिवशी घरी जेवताना बायकोने विचारले, “त्या मुलीच्या काचा मीच घासू ना?” आणि तो म्हणाला, “तूच घास. कोन सांभाळ.”

दोनच दिवसांनी मुख्याध्यापक दुकानात आले. बरोबर त्यांची नात होती; तिला कॉलेजात नुकताच प्रवेश मिळाला होता आणि घरात फोनवरून रण माजले होते. मुलगी त्या वेळी काउंटरमागे डब्या लावत होती.

“हिला जरा तुमच्या तोंडून ऐकवा,” मुख्याध्यापक खुर्ची ओढत म्हणाले. “आमचं कोण ऐकतंय. ही बघ, हीच ती मुलगी. आहे का हिच्याकडे फोन? विचार.”

नातीने मुलीकडे पाहिले. मुलीने डब्यांकडे पाहिले. सांगण्याची पाळी वडिलांची होती, आणि ते काय सांगतील हे तिला पाठ होते.

चष्मेवाला मुख्याध्यापकांचा चष्मा पुसत होता. पुसून स्वच्छ झाल्यावरही तो पुसत राहिला.

“हिच्याकडे फोन नाही, सर,” तो म्हणाला. “हिच्या मैत्रिणीकडे आहे. त्या एकावर दोघींचं चालतं.”

“वा. म्हणजे काटकसरही आली.”

“काटकसर नाही. त्या मुलीचं डोकं दुखतं.”

मुख्याध्यापकांना हे कळले नाही, आणि जे कळले नाही ते ऐकूच आले नाही असे दाखवण्याची त्यांना सवय होती. पण नात चटपटीत होती. “मग आजोबा,” तिने विचारले, “मी आता फोन शोधू की मैत्रीण?”

“आगाऊपणा पुरे,” आजोबा म्हणाले. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, चष्मेवाल्याकडे जरा जास्तच निरखून पाहिले, आणि येतो म्हणून उठले. त्यांचे उदाहरण त्यांच्याच डोळ्यांसमोर मोडले होते, आणि ते दुरुस्त करून मिळण्यासारखे नव्हते.

मुलीच्या हातात एक डबी तशीच राहिली होती. “तुम्हाला कोणी सांगितलं, बाबा?”

“मी विचारलं होतं,” चष्मेवाला म्हणाला. “दुसऱ्याच कशासाठी तरी.”

फोन आला तो भाषणाशिवाय आला. चष्मेवाल्याने खोका काउंटरवर ठेवला आणि जुने चष्मे ठेवायच्या खणात काहीतरी शोधू लागला. बायकोने फोन उलटसुलट करून पाहिला. “काच बरी आहे,” ती म्हणाली. “फुटली तर मी घासून देईन.” मुलगी हसली, पण तिचे लक्ष फोनकडे नव्हते. फोन आला म्हणजे आता निरोप थांबणार. ते शेवटचे दोन कोरडे शब्दही थांबणार, हे तिला हातात फोन घेतल्यावर प्रथम जाणवले.

रेडिओ चष्मा न्यायला आली तेव्हा दुकानात मुलगी एकटी होती. तिने फ्रेम रेडिओच्या डोळ्यांवर बसवली आणि आपण मागे सरून पाहिले.

“टोचतं?”

“उजव्या कानामागे.”

मुलीने काडी गरम करून वाकवली, पुन्हा घातली. रेडिओची नजर काउंटरवरच्या फोनवर गेली.

“घेतलास?”

“बाबांनी आणला.”

“म्हणजे मी सुटले.”

“सुटलीस.” मुलगी काडीकडेच पाहत होती. “त्या दिवशी मी ‘एवढं एकच काम’ म्हणाले, ते चुकीचं होतं. मोठंच काम होतं ते, आणि मी ते कधी मोजलंच नाही. आता टोचतं?”

“नाही.” रेडिओने मान इकडेतिकडे वळवून पाहिली, समोरच्या दुकानावरची पाटी वाचली, आरशात क्षणभर पाहिले. “मास्तरीण दिसतेय मी,” ती म्हणाली, पण ते आरशाला म्हटल्यासारखे म्हणाली, आणि निघून गेली.

संध्याकाळी ग्रुपवर सूचना आली: उद्याचे प्रात्यक्षिक एक तास अलीकडे. मुलीने ती सगळ्यांबरोबर वाचली. आधी आलेले सतरा प्रकारचे हसरे चेहरे तिला ओलांडावे लागले, तेव्हा ती सापडली. वाचून तिने फोन उपडा ठेवला. दुकान बंद करायची वेळ झाली होती. चष्मेवाल्याला काचांच्या व्यापाऱ्याला फोन करायचा होता, म्हणून त्याने बायकोचा बटणांचा फोन हातात घेतला, आणि तेवढ्यात तो वाजला. त्याने नाव पाहिले आणि काही न बोलता तो मुलीकडे दिला.

“उद्या दहा वाजता, खालची लॅब,” रेडिओ म्हणाली.

“वाचलं मी. आत्ताच.”

“हो की.” रेडिओ म्हणाली. “विसरलेच. हाताला सवय झालीय.”

कोणीच फोन ठेवला नाही. मुलीला वाटले, आता आपण काहीतरी बोललो नाही तर हा शेवटचा. पण निरोप तर देऊन झाला होता, आणि निरोपाशिवाय फोनवर काय बोलायचे असते हे तिने आजवर रेडिओवर सोपवले होते.

“घरी काय म्हणाले चष्म्याला?” तिने विचारले.

“विचारू नकोस,” रेडिओ म्हणाली, आणि सांगू लागली. आईने आधी ओळखलेच नाही. भाऊ म्हणाला, आता तरी बातम्या वाचून दाखव. आवाज सुरुवातीला बेताचा होता, मग हळूहळू मोठा झाला, इतका की काउंटरच्या या बाजूलाही त्याची कुजबुज येऊ लागली.

चष्मेवाल्याने तक्त्यावरचा दिवा मालवला, खण बंद केले, शटर अर्धे ओढले आणि पुन्हा येऊन उभा राहिला.

“काय म्हणते?” त्याने बायकोला हळूच विचारले.

“विशेष काही नाही,” ती यंत्रावर फडके टाकत म्हणाली. “त्यालाच वेळ लागतो. बसा तुम्ही.”

समोर मुलीचा नवा फोन उपडा पडलेला होता. व्यापाऱ्याला त्यावरूनही फोन करता आला असता. चष्मेवाला तपासणीच्या खुर्चीत बसला आणि बटणांचा फोन मोकळा होण्याची वाट पाहू लागला.